नांगीजवळचा मूठभर मोह

आधीच सांगून ठेवतो — मी शाळेत फिजिक्स शिकवतो. अंगात येणं, भूतखेत असा विषय निघाला की सगळ्यात आधी हसणारा माणूस मी. तरीही हे लिहितोय, कारण चार वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

सालेकसा तालुक्यातलं आमचं गाव, रेल्वेलाईनपासून जेमतेम एक किलोमीटर. एप्रिल, पहाटेचे चार. मोठी माय, म्हणजे माझी थोरली काकू, बांधावरच्या झाडाखाली मोहफुलं वेचायला निघाली. मीही दुर्बीण घेऊन सोबत गेलो. तिला काचबिंदू. उरलीसुरली नजरही फार दिवस टिकणार नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. समोरचं एवढंसं वर्तुळ तेवढं दिसायचं. मोठे बाबा, म्हणजे माझे थोरले काका, होते तेव्हा याच झाडाखालून तिला आकाशातला विंचू दाखवायचे — "त्याच्या नांगीपाशी कोनी मूठभर मोह सांडला, पाहा!" तो मोह तिला शेवटचा एकदा पाहायचा होता.

तो म्हणजे वृश्चिकातला M7 हा तारकागुच्छ. पण माझ्या दुर्बिणीला मोटर नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे गुच्छ तीन-चार मिनिटांत बाहेर सरकतो. मायच्या डोळ्याला जागा सापडेपर्यंत तो पसार! पाच वेळा असंच झालं.

"काऊन पळते गा तो, बाबू?" ती रडवेली झाली. "पकडून ठेव नं त्याले!"

"तो नाही पळत माय, आपनच फिरून राहिलो."

हे बोलून माझीच मला लाज वाटली. सहाव्यांदा नळी लावली आणि ती हलली तर कळावं म्हणून बुडाशी, नळीवरून स्टँडवर जाईल अशी, खडूची रेघ ओढली.

"दिसून राहिलं..." माय म्हणाली, आणि तशीच वाकून राहिली.

मी फुलं वेचायला लागलो. एक मालगाडी गेली. अर्धी टोपली भरली तरी माय वाकलेलीच! वर पाहिलं — विंचू फांदीआडून सरकून पलीकडे गेलेला. नळी मात्र जागची हललेली नाही, रेघ तंतोतंत जुळलेली.

"माय, काय पाहून राहिली?"

"मोह. तुहे मोठे बाबा म्हनत, तसाच."

मला वाटलं, माझं मन राखतेय. तिला बाजूला करून डोळा लावला... गुच्छ बरोब्बर मध्यभागी! हात जोडावेसे वाटले, खोटं कशाला बोलू.

"झालं माहं," माय मागून म्हणाली. "जाऊ दे आता त्याले."

आणि माझ्या डोळ्यांदेखत तारे सरकू लागले... चार मिनिटांत सगळं रिकामं.

त्यानंतर तिथेच, तशीच नळी लावून कितीदा पाहिलं. गुच्छ दरवेळी निसटतो.

यंदा मायला काहीच दिसत नाही. फुलं चाचपून वेचते. परवा मी दुर्बीण लावली तर तिनं विचारलं, "अजूनही पळते का गा तो?"

"हो माय. तीन मिनिटांत."

"मंग त्या दिवशी थांबला होता म्हन ना."

मी हो म्हणालो.