राजाची दाढी

आमच्या नाटक कंपनीच्या मेकअपवाल्याला सगळे कुंचला म्हणत. अंगानं तसाच काटकुळा, आणि कानावर कायम ब्रश खोचलेला. माझ्या सुमार चेहऱ्याचा त्यानं वीस वर्षं राजा केला. रंगवताना तोंडाची टकळी अखंड चालू. म्हणून तो आठवडाभर गप्प राहिला तेव्हा मी आरशातूनच विचारलं, "काय रे, घरी बरं आहे ना?"

"दुसऱ्या बाळंतपणात बायको जाता जाता वाचली, दादा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परत दिवस गेले तर जिवावर बेतेल. ऑपरेशनही वर्षभर नाही, अंगात रक्तच नाही. तोवर कंडोम वापरा."

"मग वापर."

"तीनदा गेलो दुकानात. एकदा कंगवा आणला, एकदा कापूस, सोमवारी खोकल्याच्या गोळ्या. ती म्हणाली, अहो, खोकला कुणाला झालाय? आणि उशी उचलून मुलींच्या खोलीत गेली. तेव्हापासून तिथंच."

औषधाचं दुकान त्या भागात एकच, त्याच्या घरासमोर. दुकानदार त्याला शाळेपासून ओळखणारा.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंचला माझ्या दारात उभा. चेहऱ्यावर राजाची दाढीमिशी. म्हणजे माझीच.

"तुम्ही फक्त मागे उभे राहा."

"अरे, या उकाड्यात डिंक धरेल का?"

"डिंक माझा आहे, दादा," तो म्हणाला. कारागिराचा गर्व, दुसरं काय.

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. कुंचल्याचा नंबर जवळ आला आणि एक म्हातारे गृहस्थ हातात चिठ्ठी घेऊन आमच्यात शिरले. त्याचे सासरे. कुंचल्याच्या मानेवरून घामाची धार सदऱ्यात उतरताना मला दिसत होती.

"दाढीवाले, सरका की पुढे," सासरे म्हणाले.

तो सरकला.

"बोला," दुकानदार म्हणाला.

वाक्य विसरलेल्या नटाची पाठ मी लांबूनही ओळखतो. ती पाठ मला समोर दिसत होती.

"कंगवा," कुंचला खर्जात म्हणाला.

दुकानदारानं कंगवा ठेवला आणि टक लावून पाहू लागला. दाढीचं डावं टोक सुटून गालावर लोंबत होतं. बाजूच्या बाईनं पदर तोंडाला लावला. सासरे वाकले, निरखून पाहू लागले.

"जावईबापू?"

आता हा पळणार, असं मला वाटलं. पळाला असता तर त्या दुकानाची पायरी पुन्हा चढला नसता. मग ती उशी कायम तिथंच राहिली असती, किंवा कंडोमशिवायच परत आली असती, आणि ते जास्त वाईट.

कुंचल्यानं कडेला नख घातलं. रोज माझी सोडवायचा तशी, केस न ओढता, सावकाश दाढी सोडवली. मग मिशी. दोन्ही काउंटरवर ठेवल्या. गाल लालभडक.

"कंगवा राहू द्या. कंडोमचं पाकीट द्या."

आवाज त्याचाच, पातळ. पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला असता.

"तीनचं की दहाचं?"

"दहाचं. दोन द्या."

दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळू लागला.

"असू दे तसंच."

कुणी हसलं नाही. सासऱ्यांनी घसा खाकरला. लेकीच्या बाळंतपणात हा माणूस दोन दिवस दवाखान्याच्या बाकावरून हलला नव्हता.

"ती दाढी उचला आधी," ते खाली बघत म्हणाले. "औषधांत केस नकोत." मग आपली चिठ्ठी दुकानदारापुढे सरकवत, "आणि तिला सांगा, मी संध्याकाळी येतोय. थोरलीला चार दिवस आमच्याकडे नेतो."

त्या रात्रीच्या प्रयोगाला तीच दाढी माझ्या तोंडावर चढली, घामानं अजून ओलसर. कुंचल्याची टकळी पुन्हा सुरू झाली होती. उशीचं मी विचारलं नाही.

त्याची बायको आज सत्तरीची आहे. कंपनीतली नवी लग्न झालेली पोरं नंतर त्याच्या मागे लागायची, "तुम्हीच आणा ना आमच्यासाठी."

"स्वतः जा," तो म्हणायचा. "फार तर दाढी देतो."