ढोकसर आणि नारिंगी पट्टे

ढोकसरांना दुसऱ्यांची लाज वाटायची. बर्डीच्या बाजारात एखाद्या भाजीवाल्याने काटा मारला तर तो मजेत असायचा आणि कान लाल व्हायचे ते ढोकसरांचे. खाली बघत ते म्हणायचे, "तुमची लाज मले वाटून राहिली," आणि रिकामी पिशवी घेऊन पुढे निघायचे. शाळेत कुणी खोटं कारण सांगून रजा काढली, तर तो परत आल्यावर चार दिवस ढोकसरच त्याला तोंड चुकवत फिरत. आम्ही त्यांची भरपूर थट्टा करायचो. अख्ख्या नागपूरची लाज एका माणसाने वाहायची म्हणजे काही कमी ओझं नाही.

ते चित्रकला शिकवायचे, मी विज्ञान. मास्तरांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. आपल्या देशाच्या रॉकेटच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या, ते दिवस. आंतरशालेय विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या शाळेनेही रॉकेटची प्रतिकृती करायचं ठरवलं, आणि ते काम नववीतल्या मंदाकडे आलं. मंदा काटोलची. वडिलांची संत्र्याची लहानशी बाग होती. भाऊबंदांचे टोमणे ऐकूनही त्यांनी लेकीला नागपूरला वसतिगृहात ठेवलं होतं. पोरगी मान खाली घालून वावरायची, पण हात विलक्षण नेटके होते.

कापडाच्या ठाणाचा पुठ्ठ्याचा रूळ, वर सुताराकडून कातून आणलेलं लाकडी टोक, आणि सगळ्यावर पांढरा तेलरंग. त्यावर दोन नारिंगी पट्टे फवारायचे होते. फवारणीसाठी ढोकसरांनी शाळेचा डास मारायचा पंप धुऊन घेतला. पट्ट्याच्या वर आणि खाली दवाखान्यातली चिकटपट्टी लावली आणि नारिंगी रंग उडवला. वाळल्यावर चिकटपट्टी काढली तर रंग तिच्याखाली झिरपलेला, आणि कडा उंदरांनी कुरतडल्यासारख्या. सर हिरमुसले.

मंदाने हळूच एक गोष्ट सुचवली. चिकटपट्टी लावल्यावर तिच्या कडेवर आधी पांढराच रंग फवारायचा. काय झिरपायचं ते पांढऱ्यावर पांढरं झिरपेल, फटी बुजतील, मग नारिंगी मारायचा. सर तिच्याकडे बघतच राहिले. सगळं रॉकेट पुन्हा पांढरं केलं. चिकटपट्ट्या मंदाने लावल्या, चमच्याच्या पाठीने कडा दाबून दाबून बसवल्या. पंप तेवढा सरांनी चालवला, कारण रंगाच्या वासाने तिला खोकला यायचा. या वेळी पट्टी निघाली आणि सुरीने कापावी तशी कड दिसली. "आजवर मले हे सुचलं नाई," असं सर दिवसभर भेटेल त्याला सांगत होते.

प्रदर्शनाच्या सकाळी मुख्याध्यापकांनी मुलांना बजावलं, की परीक्षकांनी विचारलं तर सगळं आम्हीच केलं असं सांगायचं. त्या काळी सगळ्याच शाळा असं शिकवायच्या. मंदाचे वडील पहाटेच्या बसने आले होते, धुवट धोतर, टोपी, लेकीच्या टेबलापासून दोन हात दूर उभे. परीक्षक आले, वाकून पट्टे बघितले आणि विचारलं, रंग कोणी मारला? मंदा म्हणाली, "मी."

मी ढोकसरांकडे बघितलं. कान लाल झाले होते.

"साहेब, रंग मी मारला," ते म्हणाले. "पोरगी खोटं बोलून राहिली."

पुढे त्यांना चिकटपट्टीचं सांगायचं होतं, पांढऱ्या रंगाची युक्ती कोणाची ते सांगायचं होतं. पण परीक्षकांनी कागदावर रेघ ओढली आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले. शेजारच्या शाळेची मुलं हसली. मंदाच्या वडिलांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि ते लेकीचा हात धरून बाहेर पडले. ढोकसर पंपाने रंगलेली आपली बोटं चोळत तिथेच उभे होते.

मंदा वसतिगृहात परतली नाही. पुढच्या रविवारी सर मला घेऊन काटोलला गेले. मंदाचे वडील अंगणात संत्री निवडत बसले होते. त्यांनी पाणी दिलं, बाज टाकली. सरांनी सगळं सांगितलं, अगदी चमच्यासकट, आणि हात जोडले. मंदा दाराच्या आड होती, तिचा पाय तेवढा दिसत होता.

वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, तिले खोटी म्हटलं ते लोकाईसमोर. अन् माफी मांगाले इथं अंगनात आले."

सरांनी जोडलेले हात खाली घेतले.

दुसऱ्या दिवशी कुणाची परवानगी न घेता ढोकसर प्रार्थनेच्या वेळी उभे राहिले आणि अख्ख्या शाळेसमोर त्यांनी चूक कबूल केली. मुख्याध्यापक भयंकर चिडले. पण सरांचं समाधान झालं नाही. मैदानातून परतताना ते मला म्हणाले, "तवा जे लोक होते, ते इथं कुठी आहेत गा?"

मंदा काटोललाच दहावी झाली, एवढं पुढे कानावर आलं. ढोकसरांना त्यानंतर दुसऱ्या कुणाची लाज वाटलेली मी पाहिली नाही. भाजीवाल्याने काटा मारला तरी ते मुकाट्याने भाजी घेत. स्वतःचीच लाज त्यांना पुरून उरत होती. मात्र नवा माणूस भेटला की हा त्या प्रदर्शनात असेल, अशा आशेने ते विचारायचे, आणि नसला तरी त्याला सगळं सांगायचे. बसमधल्या प्रवाशाला, न्हाव्याला, निरोपसमारंभाच्या पाहुण्यांना. लोक कंटाळायचे. मीही कंटाळायचो.

शेवटच्या आजारात मी दवाखान्यात गेलो, तेव्हा सलाईन लावणाऱ्या नर्सबाईंना ते तेच सांगत होते. दम लागत होता. अर्ध्यावर थांबले आणि माझ्याकडे बोट केलं. उरलेलं मी सांगितलं. बाई हसून, बरं म्हणून निघून गेल्या. "चमचा राहिला," ढोकसर मला म्हणाले. दोन दिवसांनी ते गेले.

तुमच्यापैकी कुणी तेव्हा त्या प्रदर्शनात असाल, शेजारच्या टेबलापाशी हसलाही असाल. तर ऐका: रॉकेटवर रंग ढोकसरांनी मारला, पण पट्टे सरळ आले ते मंदामुळे. चिकटपट्ट्या तिने लावल्या होत्या, चमच्याने दाबून. आधी पांढरा रंग मारायचा, हेही तिनेच सांगितलं होतं.