कोपरा उडवलेलं कार्ड

माझ्या लेखणीने आजवर एकच माणूस मारला, आणि तोही पुढे अकरा वर्षं ठणठणीत जगला.

लढाईचे दिवस होते. मी मुंबईला बी.ए. करत होतो आणि संध्याकाळी वृत्तपत्रविद्येच्या वर्गाला जात होतो. (ही विद्या आमच्या गावी, खालापुरात कुणाला समजावून सांगणं अवघड. "म्हणजे पेपर विकायला शिकवतात का रे?" असं आत्या विचारायची. "विकायला नाही गं, लिहायला." "मग विकतं कोण?" या प्रश्नाचं उत्तर आमच्या प्राध्यापकांकडेही नव्हतं.)

प्राध्यापक टिपरे म्हणजे जमदग्नी! "सगळ्यात मोठी गोष्ट पहिल्या ओळीत!" ते टेबलावर मूठ आपटत. "नमस्कार नको, चमत्कार नको! वाचक दुसऱ्या ओळीपर्यंत जगेल असं धरून चालू नका!" त्यांची आणखी एक खोड होती. नापास मजकूर ते टोपलीत टाकत. पास झालेल्या मजकुराचा वरचा कोपरा कात्रीने उडवत, म्हणजे तोच कागद पुन्हा कुणी तपासायला आणू नये. पाच महिन्यांत माझ्या एकाही कागदाचा कोपरा उडाला नव्हता.

आणि अशात माझ्या हाती खरीखुरी बातमी आली.

माझी धाकटी बहीण इंदू, तिचं लग्न रविवारी सकाळी आमच्या दारात व्हायचं होतं. मुलाकडचे दादरचे. वऱ्हाड शनिवारी खोपोलीला उतरणार आणि तिथे आमच्या बैलगाड्या उभ्या राहणार, असं ठरलं होतं. पण आठवडाभर आधी मुलाचे वडील भाऊसाहेब यांना कळलं, की शनिवारी खोपोलीची गाडी लष्करासाठी राखून ठेवली आहे. वऱ्हाडाला शुक्रवारीच निघून कर्जतला उतरावं लागणार. ते म्हणाले, "मी कळवतो तुमच्या वडिलांना." मी म्हणालो, "छे छे, भाऊसाहेब! हे माझं शास्त्र आहे."

झालं! माझ्या लेखी तो संबंध जन्मातला सर्वांत मोठा लेख होता. पोस्टकार्डावर "श्री" नाही, "तीर्थरूप" नाही, "शिरसाष्टांग नमस्कार" नाही. थेट सुरुवात : "येथील विवाहाच्या कार्यक्रमात महत्त्वाचा बदल. वऱ्हाड शनिवारऐवजी शुक्रवारी दुपारी, खोपोलीऐवजी कर्जतला उतरणार. सहा गाड्या आवश्यक, असे विश्वसनीय गोटातून समजते." टिपरे सरांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि कच्चकन कोपरा उडवला! मला आनंदाने रडू आलं. तसंच कार्ड पेटीत टाकलं.

आता, ज्या पत्राचा कोपरा फाडलेला असतो आणि वर "श्री" नसतं, ते कुणीतरी गेल्याचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण विद्या चढली की माणूस शेंबड्या पोराच्याही खाली उतरतो.

मंगळवारी रामा पोस्टमन आमच्या अंगणात आला आणि ओटीपासून चार हात लांब उभा राहिला.

"अन्ना, कार्ड हाय."

"मग दे की."

"कोपरा नाय."

अण्णा म्हणजे माझे वडील. ते कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. ते जागच्या जागी थिजले. "अक्षर कुणाचं?"

"तुमच्या बाळचं. वर श्री बी नाय. म्होरं आमी वाचलं नाय. असल्या कार्डाला आमी डोळा लावत नाय."

बाळने लिहिलं म्हणजे बाळ जिवंत. मग गेलं कोण? माझा मुक्काम गिरगावात अण्णांच्या चुलत्यांकडे, बाबूकाकांकडे होता. वय ऐंशी, दमा पंचवीस वर्षांचा. घरातल्या कुणालाही वेगळं नाव सुचेना. आईने तोंडात पदर कोंबला.

सख्खे चुलते! म्हणजे दहा दिवसांचं सुतक. आणि लग्न पाच दिवसांवर! पुढचा मुहूर्त चार महिन्यांनी; आणि तोवर भाऊसाहेब थांबणारे नव्हते, त्यांच्याकडे दुसऱ्या दोन मुलींच्या पत्रिका आलेल्या होत्या. वाट काढली आत्याने. आत्या म्हणजे अण्णांची विधवा थोरली बहीण आणि आमच्या घरची शंकराचार्य.

"सुतक गेल्यापासून नाही लागत," ती हळूच म्हणाली. "कळल्यापासून लागतं."

अण्णांचा चेहरा एकदम उजळला. तीस वर्षं कचेरीच्या दारात काढलेली! "म्हणजे समन्स बजावलं गेलं नाही, तर तारीखच लागत नाही! रामा, मालक घरात नाहीत असं लिही."

"तुमीच तर मालक हाय, अन्ना."

"आहे. पण घरात कुठे आहे? ओटीवर आहे!"

शेवटी रामाने ते कार्ड गोठ्याच्या वळचणीला खोचलं आणि आमच्या घराने बातमी न ऐकण्याचं व्रत घेतलं. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात शिकवत नाहीत इतक्या तयारीने! मुंबईहून कुणी आलं की अण्णा मागच्या दाराने परसात. रामा गल्लीत दिसला की आत्या खिडकी लावून घेई. आई चुलीपुढे बसून रडे आणि कुणी विचारलं तर "धूर गं बाई" म्हणे. (चूल विझलेली असतानाही धूरच!)

गुरुवारी दुपारी मी घरी पोचलो. मनात एकच विचार : माझं कार्ड घरात कुठे लावलं असेल? अण्णा फाटकातच आडवे आले.

"आलास? बरं झालं. तोंड उघडू नकोस."

"अण्णा, माझं कार्ड—"

"मिळालं. वाचलं नाही."

"वाचलं नाही? अहो, पहिल्याच ओळीत सगळं आहे!"

"म्हणूनच वाचलं नाही!"

माझ्यातला लेखक घायाळ झाला. (गाड्यांची चिंता मला नंतर लागली. आधी लागला तो अपमान. खरं तेच सांगतो.) "मग मी तोंडी सांगतो," म्हणालो, तोवर आत्याने माझ्या तोंडात अख्खा बुंदीचा लाडू कोंबला. तो गिळेपर्यंत इंदूने कानात सगळा प्रकार सांगितला. मी हादरलो.

"अगं, कुणी गेलेलं नाही! बाबूकाका ठणठणीत आहेत!"

आईने हंबरडा फोडला. "ऐकलंत? नाव नेमकं त्यांचंच घेतलं!"

"बाळ्या," आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला, "लग्नघरात असंच बोलावं रे. शहाणा झालास हो!"

"आत्या, शपथ! ते वऱ्हाडाबरोबर येतायत! वऱ्हाड उद्याच येतंय, कर्जतला!"

"विषय कसा फिरवतो बघा," अण्णा कौतुकाने म्हणाले. "शिकतोय पोरगा. फी वाया गेली नाही."

मी वळचणीचं कार्ड आणायला धावलो, तर सगळ्यांनी डोळे मिटले आणि कानांत बोटं घातली! मी अंगणात उभा राहून भर उन्हात ठणाणा वाचत होतो आणि माझा पहिला वाचकवर्ग "रामरक्षा" म्हणत होता. इंदू तेवढी ऐकत होती. पण नवरीच्या म्हणण्यावर गाड्या कोण जुंपणार?

शुक्रवारी दुपारी मी कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने एकटाच कर्जत गाठलं. स्टेशनाबाहेर तीस माणसांचं वऱ्हाड ट्रंकांवर बसलं होतं. पोरं रडत होती, नवरदेव मुंडावळ्यांच्या डब्याने वारा घेत होता. आणि भाऊसाहेब उभे होते. बसायला जागा नव्हती म्हणून नव्हे, रागाने.

"गाड्या?"

"त्या... त्या येतीलच."

"वाजंत्री?"

"तीही."

"तुम्ही कळवलंत ना?"

"कळवलं. पण त्यांनी वाचलं नाही."

"का?"

आता तीस माणसांसमोर काय सांगू? मी म्हणालो, "शैली जरा नवी होती."

भाऊसाहेबांनी घड्याळ काढलं. "ऐका. आम्ही रात्र धर्मशाळेत काढतो. उद्या सकाळच्या मुंबईच्या गाडीआधी मानाने न्यायला आलात, तर लग्न. नाही तर आम्ही त्या गाडीत." आणि ते ट्रंकेवर बसले.

मी बाबूकाकांना धरलं. ते एका बाकावर बसून खोबऱ्याची वडी चघळत होते. "काका, चला. तुम्ही जिवंत आहात हे दाखवायचंय."

"कुणाला?"

"घरच्यांना."

"त्यांना शंका आहे?" म्हणत ते उठले.

त्या मोटारीचा कोळशाचा बंब मागच्या बाजूला असे आणि बाबूकाकांना नेमकी शेवटची जागा मिळाली. दीड तासाने खालापुरात उतरले तेव्हा टोपीपासून धोतरापर्यंत राखेने पांढरेफटक! अंगणात तांदूळ निवडणाऱ्या आत्याने वर पाहिलं, सूप टाकलं आणि "नारायण! नारायण!" करत ती विहिरीच्या बाजूला पळाली. आईने लांबूनच नमस्कार केला. अण्णा मात्र अर्जनवीस. त्यांनी जवळ येऊन काकांच्या दंडाला चिमटा काढला.

"अरे, दुखतं ना!" काका ओरडले.

पाच मिनिटांनी आत्या परतली, काकांभोवती एक फेरी मारली आणि सावकाश म्हणाली, "बरं. हे आहेत. मग गेलं कोण?"

कार्डाचा कोपरा फाटलाय म्हणजे कुणीतरी जायलाच हवं! घरातल्या वडीलधाऱ्यांची मोजणी सुरू झाली. ती पनवेलच्या मावशीपर्यंत पोचली, तेव्हा बाबूकाकांनी माझ्या हातातलं कार्ड ओढून मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटपर्यंत. विश्वसनीय गोटासकट.

मग अण्णांनी कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि धंदेवाईक आवाजात म्हणाले, "नमस्कार नाही, सही नाही, लोभ असावा नाही. असा अर्ज घेऊन पक्षकार आला असता, तर मी त्याला आधी वैद्याकडे पाठवला असता!" आणि एकदम भान येऊन ओरडले, "गोमा! गाड्या जुंप! सहाच्या सहा!"

गोमा गाडीवान गोठ्यातून म्हणाला, "आमी कालच वंगन घातलंय, मालक. बाळदादा अंगनात वरडत व्हते, ते आमी ऐकलं की! आमाला कुठं तुमचं सुतक?"

अख्ख्या घरात माझी बातमी मिळाली ती एका निरक्षर माणसाला!

गाड्या वेळेत पोचल्या. अण्णा स्वतः धर्मशाळेत गेले, दार लावून भाऊसाहेबांशी पाऊण तास बोलले, आणि आश्चर्य म्हणजे दोघे हसत बाहेर आले! मानपानाचा एक शब्द नाही, जास्तीचं धोतर नाही की पागोटं नाही. रविवारी लग्न मुहूर्तावर लागलं. "भाऊसाहेबांना काय सांगितलंत?" मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "तडजोड झाली. तुला काय करायचंय?" मी समजलो, माझ्या विद्येचा मोठेपणा त्यांना पटवून दिला असणार.

पाठवणीच्या वेळी इंदू माझ्या गळ्यात पडली आणि हुंदके देत म्हणाली, "दादा, मला पत्र नको रे लिहूस. स्वतः भेटायला येत जा." मलाही भरून आलं. केवढी ही माया! पुढे पंधरा वर्षं मी तिला एक ओळ लिहिली नाही, दर महिन्याला जातीने दादरला गेलो, आणि बायकोला सांगत राहिलो, "बहीण असावी तर अशी! तिला कागद नको, माणूस हवं!"

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी ती आठवण काढली. डोळे पुसले. इंदू निरांजन हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली.

"माया कसली रे दादा? मामंजींनी धर्मशाळेत ती एकच अट घातली होती!"