कुंकू लावलेली मोटार

चढ आला की आमची मोटार पाठ फिरवायची. चेष्टा नाही, खरंच सांगते. तिची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली होती आणि तिथून पेट्रोल उताराला लागल्यासारखं आपलं आपण इंजिनात जायचं. गाडीचं नाक वर झालं की पेट्रोल मागेच राहायचं आणि बाईसाहेब ठसका लागून बंद! मग काय, गाडी वळवायची आणि बूड पुढे करून चढ चढायचा. शिरूरमध्ये लोक हसायचे. हसोत बापडे. त्यांच्याकडे कुठे मोटार होती?

गाडी मूळ मिशनच्या बंगल्यातल्या साहेबाची, आणि माझे बाबा त्याचे ड्रायव्हर. स्वातंत्र्यानंतर साहेब मायदेशी परत गेला आणि जाताना गाडी बाबांना देऊन गेला. तेव्हाच ती इतकी जुनी होती की रस्त्यावर तिच्या वयाची दुसरी दिसायची नाही. कापडी टप, लाकडी आऱ्यांची चाकं, रबरी फुग्याचा भोंगा. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते, लग्न व्हायचं होतं आणि जीभ आजच्याएवढीच तिखट होती.

एका सकाळी बाबा पुढे उभे राहून हँडल मारत असताना ते उलटं झटकलं आणि त्यांचा उजवा हात मनगटाशी मोडला. हाड बसलं, पण वाकडं बसलं. बाबांना पुन्हा गाडी चालवता येईना, आणि घरात दुसरं कोण होतं? मीच. आई म्हणाली, "मुलीच्या जातीनं मोटार हाकायची, लोक काय म्हणतील?" बाबा म्हणाले, "लोक बाजूला होतील."

आणि होत असत! गाडी मला बाबांनीच शिकवली, आणि सकाळी शाळेत जाताना ते शेजारी बसायचे. मी स्टीअरिंगचं चक्र धरलं की त्याची थरथर तळहातांतून कोपरापर्यंत चढायची. चक्राखालची दांडी बोटभर ओढली की इंजिनाचा आवाज बदलायचा, आणि आपण नुसत्या बोटानं एवढं लोखंड जागं केलं या विचारानं माझ्या अंगावर काटा यायचा. रोज यायचा, सवय म्हणून झालीच नाही. वाटीभर पेट्रोल आणि एक ठिणगी, आणि त्यावर मी, बाबा, बाजाराची टोपली, सगळं पुढे चाललंय! तोंडात आपोआप उपासनेतलं गाणं यायचं. कवठ्याच्या रस्त्याला तर बांधावर बसलेले म्हातारे उठून उभे राहायचे. एक आबा गाडीला प्रदक्षिणा घालून मला म्हणाले, "पोरी, समदं बघितलं, पर हिला वढतंय कोण त्ये काय दिसलं न्हाई." मी म्हटलं, "आबा, मलाही नाही दिसलेलं." ते खोटं नव्हतं.

पण टायर मिळेनात, सुटे भाग मिळेनात. अशात खुटबावचे एक बागायतदार आप्पा गाडी बघायला आले. त्या काळी जुन्या मोटारींची इंजिनं काढून विहिरीवर नाहीतर गिरणीला बसवत असत. आप्पांच्या विहिरीला पाणी होतं, पण मोटेनं पुरं पडत नव्हतं आणि ऊस वाळत चालला होता. त्यांना फक्त इंजिन हवं होतं, बाकीची गाडी भंगारात. बाबा हो म्हणाले. मी उठून आत गेले, भांडी आपटली, त्या रात्री जेवले नाही. मला इतका राग आला होता की बाबांशी बोलावंसंही वाटेना.

आणि गाडी खुटबावला नेऊन द्यायची कोणी? मीच! म्हणजे कसायाच्या दारात जनावर मीच हाकायचं. निघालो. बाबा शेजारी, आप्पा मागच्या सीटवर. न्हावऱ्यापर्यंत मी नजर रस्त्यावरून हलवली नाही. भीमेचं पाणी आटलं होतं, पात्रातूनच वाट होती. पलीकडचा काठ उभा चढाचा. मी गाडी वळवली, मान मागे केली आणि उलटी चढवायला लागले. आता आप्पा सगळ्यांच्या पुढे! त्यांनी एका हातानं पागोटं धरलं, दुसऱ्यानं सीट.

"अवो बाई, ह्ये काय? म्होरं चाललोय का माघारी?"

"म्होरंच चाललोय आप्पा. तुम्ही रस्ता बघा आणि मला सांगा."

आणि ते खरंच सांगायला लागले. "डावीकडं दगूड हाय... हां... आता सरळ, सरळ..." वर पोचलो तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मिशीवर धूळ आणि डोळे विस्फारलेले. मला त्यांचा राग राग करायचा होता, पण हसू फुटलं.

खुटबावात वेशीपाशी गाव लोटलं होतं. आप्पांनी घरी एवढंच सांगितलं होतं, की मोटार घेतली. कशासाठी, ते कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या आई ताट घेऊन वाटेत उभ्या होत्या. नवा बैल घरी आणतात तसंच त्यांनी सगळं केलं. चारी चाकांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, दिव्यांना आणि नाकाडाला हळदकुंकू लावलं आणि पुरणपोळीचा घास गाडीपुढे धरला. बाबांनी टोपी काढून हातात घेतली. आम्ही ख्रिस्ती, आमच्यात हे नाही, पण आप्पांनी गाडीला नमस्कार करताना मान कशी झुकवली ते बघून माझीही मान आपोआप खाली गेली. आजी कुंकवाचं बोट घेऊन माझ्याकडे वळल्या आणि थबकल्या. "तुला चालतं का गं, बाय?"

"मला नको आजी. तिला अजून थोडं लावा."

रात्री आम्ही तिथेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दौंडहून फिटर आला. त्यानं गाडी खोलायचे पाने काढून गोणपाटावर मांडले तेव्हा आजींना उलगडा झाला. त्या सरळ येऊन गाडीच्या पायरीवर बसल्या.

"कुकू लावून घरात घेतल्यालं जनावर ह्या घरात कापत न्हाईत."

"आये, जनावर न्हाई त्ये. यंत्र हाय."

"मग दसऱ्याला नांगराला फूल कशापाई वाहतुयास? तुजा बा तर इळ्याला बी पाया पडायचा."

आप्पा हतबल झाले. "आये, ऊस वाळतुया! कुकवाचं बघू का उसाचं?"

आजी पायरीवरून उठल्या नाहीत. फिटर विडी पेटवून लांब जाऊन बसला. मला आजींच्या पाया पडावंसं वाटलं आणि आप्पांची दयाही आली. मळा मी बघितला होता. उसाची पानं टोकापासून पिवळी पडून वळली होती. गाडी वाचली तर ऊस जाणार, हे मलाही कळत होतं.

आप्पा गाडीभोवती फिरत राहिले. मागच्या चाकाशी उकिडवे बसले, त्यावर हात ठेवला आणि मला विचारलं, "बाई, ह्ये चाक उचलून धरलं, तर जागच्या जागी फिरंल का?"

मी फिटरकडे बघितलं. फिटर म्हणाला, "फिरंल की. न फिरायला काय झालं?"

"मग पंपाचा पट्टा त्याच्यावरच चढवू. इंजान काढायचं कामच काय?"

गाडी मी विहिरीपाशी नेली. फिटरनं आणलेला पंप काठावर बसवला, मागचं एक चाक जॅकवर उचललं आणि त्यावरून पंपाला रुंद पट्टा घातला. हँडल फिटरनं मारलं. मी बाबांना शेजारी बसवलं, चक्र धरलं आणि दांडी ओढली. चाक फिरायला लागलं. पट्टा फटाफट वाजला, पंप घरघरला, पण पाणी येईना. आप्पा पाइपाच्या तोंडाशी वाकून उभे. मी आणखी ओढली. गाडीची थरथर माझ्या दातांपर्यंत पोचत होती, जॅकवरून घसरेल की काय अशी भीती वाटत होती. आणि मग पाइपानं एक ढेकर दिली आणि मनगटाएवढी धार धाडकन पाटात पडली.

देवा रे! मी आयुष्यात इतकी गाडी चालवली, पण असं कधी बघितलं नव्हतं. मी बसल्या जागेवरून हललेही नव्हते आणि माझ्यासमोर पाणी चाललं होतं, आधी पाटात, मग पहिल्या सरीत, मग दुसऱ्या. मातीचा वास आला. आजी कधी मागच्या सीटवर चढून बसल्या होत्या कळलंच नाही, आणि त्या पदरानं डोळे पुसत होत्या. मी तर उघड रडत होते. बाबांनी आपला वाकडा हात माझ्या हातावर, त्या दांडीवर ठेवला.

आप्पा चिखलातून गाडीपाशी आले. आता गाडी त्यांची होती. "बाई," ते ओरडून म्हणाले, "बंद कशी करायची, तेवढं शिकवा."

"शिकवते," मी म्हणाले. "पण ही सरी भरू दे."

सरी भरली. मग मी म्हणाले, पुढची भरू दे.