मी ‘येतली’ म्हणालो

पात्रांवाने आपल्या बायकोची जुनी साडी माझ्या पायाशी टाकली.

“घे, न्हेस,” तो म्हणाला. “बायल कमयता, तूं घरांत बसता. मागीर साडी कोणें न्हेसची?”

बाल्कांवात, म्हणजे त्याच्या दारच्या बैठकीच्या ओसरीत, चार माणसे बसली होती. सगळी हसली. एकजण चहात पाव बुडवून खात होता. त्याला ठसका लागला, तरी हसायचा थांबला नाही.

मी वाकलो. साडी उचलली. घडी करून काखेत धरली. दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेले बरे. मी चिडलो नाही. उचलली.

पात्रांव म्हणजे आमचा ट्रकमालक. गोव्यात पाळी गावात मोठे घर, दारात ट्रकांची रांग. मी दोडामार्गाकडचा. मिशी फुटायच्या आधी इकडे आलो. खाणीवर घमेली वाहिली, मग क्लीनर झालो, मग ड्रायव्हर. शाळा तिसरीपर्यंत. बावीस वर्षे त्याचा ट्रक चालवला. घरात मी आणलेल्या तांदळाशिवाय चूल पेटत नाही, हे बायकोला रोज ऐकवले. ती ऐकायची. मला वाटायचे, पटते आहे.

मग खाणी बंद झाल्या. ट्रक उभे राहिले, टायरांभोवती गवत वाढले. मीही उभाच.

त्याच वर्षी माझ्या बायकोने, शेवंतीने, आणखी दोघींना घेऊन जेवणाच्या ऑर्डरी धरायला सुरुवात केली. बारसे, मुंज, सत्यनारायण. तिचा फोन वाजू लागला. मला त्या फोनचा संशय. तिने चष्मा केला, मला चष्म्याचा संशय. इतकी वर्षे दिसत होते ना, आता कोणाला बघायचे आहे? एकदा स्कूटर घेऊन तिच्या मागे गेलो. मुंजीच्या मांडवामागे केळींत उभा राहून बघितले. ती वडे तळत होती. दीड तास वडेच तळत होती. तरी घरी येताना मनात म्हटले, मला बघून सावध झाली असणार.

असा मी. आणि असा मी पात्रांवाकडे काम मागायला गेलो होतो.

पात्रांवाच्या घरची एक रीत होती. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी आठ दिवस सगळ्या ड्रायव्हरांच्या बायका तिथे जायच्या. घर झाडायचे, तांब्यापितळेची भांडी घासायची, नारळ किसायचे, ढिगाने नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायच्या. त्याची मजुरी नाही. ‘घरचीं मनशां’ म्हणायचे. शेवटच्या दिवशी पानात गुंडाळलेल्या चार नेवऱ्या आणि मालकिणीची एक जुनी साडी मिळायची. मला त्याचा मान वाटे. माझी बायको पात्रांवाच्या स्वयंपाकघरापर्यंत जाते, असे मी चारचौघांत सांगायचो. त्या वर्षी शेवंतीने निरोप पाठवला होता, ऑर्डर द्या, आम्ही तिघी येऊ. म्हणून ती साडी माझ्या पायाशी आली. पण तेव्हा माझ्या डोक्यात हे शिरले नाही.

हसून झाल्यावर पात्रांव हळू आवाजात बोलला. “यार्डांत ट्रक आसात. राखपाक मनीस जाय. तुका दवरतां. पूण चवथीक तुजी बायल येवंक जाय. पयलीं येताली तशी.”

“येतली,” मी म्हणालो.

एवढेच. विचारायचे असते हे मला सुचलेच नाही. आपला ट्रक कुठे लावायचा, हे ट्रकाला कोण विचारतो?

घरी आलो. शेवंती ओसरीवर तांदूळ निवडत होती.

“पात्रांवाकडे काम गावला,” मी सांगितले. “राखणीचा.”

“बरा झाला.”

“चवथीक तुका थय जावचा लागतला. मी शब्द दिलंय.”

तिचा हात सुपात थांबला. “माजो शब्द तुमी कसो दिलात?”

“घो मी तुजो!”

माझा हात वर गेला होता. ती हलली नाही. चष्मा तेवढा काढून बाजूला ठेवला, फुटू नये म्हणून. “मारा. आणि मगे पात्रांवाक जावन सांगा, मार खाल्ल्यान पण येणा नाय.”

हात खाली आला. कसा आला ते मला आठवत नाही.

मग तिने सांगितले. रडली नाही. सूप मांडीवर तसेच. आमची मुलगी जन्मली त्या वर्षी चवथ जवळ होती. मुलगी एकवीस दिवसांची. पात्रांवाकडून बोलावणे आले आणि मी म्हणालो होतो, बसून करायचे काम, जा. मूल आत न्यायला परवानगी नव्हती, म्हणून ते शेजारणीकडे ठेवून ती गेली. दुपारी पान्हा फुटला. चोळी भिजली, पदर भिजला. मालकीण म्हणाली, “फराळाक लागतलें, भायर बस.” ती मागच्या विहिरीपाशी जाऊन पदर पिळायची आणि परत येऊन नारळ किसायची. आठ दिवस. “पोर थय रडता, आणि हय दूध मातयेत. तुमका सांगलंय नाय. सांगलं असतंय तर तुमी म्हटला असतात, काम जायत.”

आणि मी तेच म्हटले असते.

पण त्या वेळी मला काय वाटले? वाटले, ही खोटे बोलते. कामावर जायला नको म्हणून रचून सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खात्री करायला गेलो. बायकोच्या दुधाची खात्री! तिच्याबरोबर ऑर्डरी करणाऱ्या दोघींतली एक काशी, माझ्याबरोबरच्या ड्रायव्हरची विधवा. तिला दारातच विचारले, शेवंती असे असे सांगते, खरे काय?

काशीने हातातली केरसुणी खाली टाकली. “खरा काय म्हणून इचारतंस? मेल्या, तिची चोळी मीच पिळलंय त्या बावडेर. पोरीचा लगीन झाला, ती कोरगावाक नांदता, आणि तुका आज इचारूचा सुचला?”

मी तिथून निघालो तो सरळ पात्रांवाकडे. चालत गेलो. वाटेत एकेक गोष्ट जुळत गेली. तो मला बायको कमावते म्हणून हसला नव्हता. बायको फुकट येईना, म्हणून तो जळला होता. तिला बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मला बोलला. आणि मला डिवचले की मी घरी जाऊन हात उगारणार, हे त्याला ठाऊक होते. बावीस वर्षांत त्याने माझ्याकडून नुसता ट्रक चालवून घेतला नव्हता. माझ्या घरातला माणूसही माझ्याच हातून हाकला होता.

तो बाल्कांवातच होता.

“ती येणा नाय,” मी म्हणालो. “माका काम नको.”

“मागीर बायलेच्या जिवार खातलो?”

“खातलंय. बावीस वर्सां तुमी खाल्लात. तुमका लाज नाय, ती माका कित्याक?”

तो काहीतरी बोलला. मी ऐकायला थांबलो नाही.

आता मी शेवंतीची मोठी पातेली घासतो. जड असतात, तिघींना उचलत नाहीत. लोक म्हणतात, म्हातारा सुधारला. मला या शब्दाचाही संशय येतो. खाणी चालू राहिल्या असत्या तर मी आजही चवथीला तिला पाठवत असतो, आणि पानातल्या चार नेवऱ्यांतल्या तीन मी खात असतो. मला शहाणपणाने नाही शिकवले. रिकामपणाने शिकवले.

अजून ऑर्डर द्यायला लोक घरी येतात. शेवंती समोर बसलेली असते, तरी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून विचारतात, “चवथीक येतली ना?” आणि माझे तोंड उघडते. अजूनही. जिभेवर ‘येतली’ तयार असते.

मी दात आवळतो. जीभ चावली गेली तरी चालेल. तिचा शब्द ती देईल, नाहीतर देणार नाही. मी मरेपर्यंत या तोंडावर पाळत ठेवणार आहे, कारण ते पात्रांवाचे तोंड आहे आणि माझ्या चेहऱ्यावर बसलेले आहे.