समोर कोण हाय रं तुझ्या?

गेल्या रविवारी दौंडला आमच्या उपासनेला नगरसेवकपदाचा एक उमेदवार येऊन बसला. उमेदवार म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र प्रमोद... आणि तो आला होता मला उचलून न्यायला.

संध्याकाळी शिरूरला त्याची शेवटची सभा होती. मी स्टेजवरून बोलावं म्हणून तो आठवडाभर मागे लागला होता आणि मी आठवडाभर नाही म्हणत होतो. कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली आम्ही दोघांनी मिळून आणल्यात, माझ्या आवाजाला गर्दी थांबते हे त्याला माहीत आहे. शेवटी फोनवर म्हणाला, "रविवारी स्वतः येतो. तेव्हाही नाही म्हणालास, तर आपलं संपलं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... आम्ही क्रिस्टाडेल्फियन, म्हणजे ख्रिस्तातले भाऊबहीण. येशू परत येऊन याच पृथ्वीवर राज्य करणार, असा आमचा विश्वास आहे. म्हणून आम्ही टॅक्स भरतो, कायदा पाळतो, पण मत देत नाही आणि कुणाच्या स्टेजवर चढत नाही.

यावर माझ्याशी भांडलेले बरेच जण हे वाचत असतील. राजकारणावर मी ढीगभर वाचलंय आणि वाचून वाचून माझं म्हणणं आणखी पक्कं झालंय. ज्या राजाची मी वाट बघतो, तो निवडणुकीतून यायचा नाही!

आमच्यात पाळक, म्हणजे पाद्री, नसतो, भाऊच आळीपाळीनं बोलतात. त्या दिवशी नेमकी माझी पाळी. प्रमोद एका कार्यकर्त्याला घेऊन मागच्या खुर्चीवर बसला होता... मी त्याच्याकडे बघत येशूच्या राज्यावर आणि निवडणुकांच्या फोलपणावर बोललो, भरपूर बोललो, आवाज चढवून बोललो. त्याचा चेहरा दगडासारखा होत गेला. बोलता बोलताच मला कळत होतं की मित्र हातचा चाललाय.

मग प्रार्थनेला आप्पा उठले. रेल्वेतून रिटायर झालेले, ऐंशीच्या पुढचे, कानानं कमी. सत्तेवरच्या माणसांसाठी आम्ही दर रविवारी प्रार्थना करतो, पण त्या दिवशी आप्पांनी डोळे मिटलेच नाहीत. थेट प्रमोदकडे बघितलं.

"पोरा, इलेक्शनला हुबा हायस नव्हं? नाव काय तुझं?"

"प्रमोद."

"आन् समोर कोण हाय रं तुझ्या?"

प्रमोदनं कार्यकर्त्याकडे बघितलं. कार्यकर्ता कुजबुजला, "दादा, हितं त्याचं नाव कशाला?" अख्ख्या प्रचारात प्रमोदनं ते नाव घेतलं नव्हतं... 'तो', नाहीतर 'ते येडं', असंच चालायचं.

"मोठ्यानं सांग. मला ऐकू येत न्हाई."

"हेमंत!" प्रमोद जवळजवळ ओरडलाच.

"हां... प्रमोद आन् हेमंत." आता आप्पांनी डोळे मिटले. दोघांसाठी एकाच दमात मागितलं... जो निवडून येईल त्यानं गरिबाला दारातून हाकलू नये, जो पडेल त्यानं मनात डूख धरू नये, दोघांची लेकरं सुखात राहावीत. कोण जिंकावं, हे मात्र मागितलं नाही.

आमेन म्हणून मी डोळे उघडले. प्रमोदची मान अजून खालीच होती.

बाहेर चहा पिताना कार्यकर्ता धुसफुसत होता, "आवो दादा, म्हाताऱ्यानं त्याच्यासाठीबी मागितलं की!"

"गप ए," प्रमोद म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुझं भाषण ऐकून डोकं फिरलं होतं माझं. उठून जाणार होतो." थोडा हसला. "नको येऊस स्टेजवर. तिथं आलास तर हेमंतला धुवावं लागंल तुला... आन् मग पुढच्या रविवारी आप्पांजवळ कसा बसशील?"

गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाला, "निकालानंतर घरी जेवायला ये. पडलो तरी ये."

गाडी गेली, मी तिथंच उभा. ज्या राज्याबद्दल मी एवढा गरजत होतो, ते कसं असेल हे मला त्या लहानशा खोलीत क्षणभर दिसलं होतं... दोन वैरी, एका म्हाताऱ्याच्या ओंजळीत. देवा, आप्पांसाठी तुझे आभार.