आडनावाचा मान

आजा गेला आणि वर्ष सरतं न सरतं तोच गावकीने निरोप धाडला. यंदाच्या जत्रेला देवीची पालखी आमच्या दारात थांबणार नाही. का, तर त्या आडनावाचा पुरुष आता त्या घरात उरला नाही म्हणून. घरात पुरुष होता हो, चांगला धडधाकट होता. पण तो जावई.

आमचं गाव भिवंडीजवळच्या कोनच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. आईचं माहेर आणि आमचं घर एकच. आजाला मुलगा नाही, आई एकुलती एक, म्हणून बाबा पडघ्याकडून घरजावई होऊन आला. आजाची शेती त्याने केली, आजाच्या दुखण्यात हागणं-मुतणं त्याने काढलं. फक्त आडनाव तेवढं स्वतःचं ठेवलं. आजा होता तोवर कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

आमच्याकडे पालखी मानाच्या घरांपुढेच थांबते. पुढे चालणारा भगत दारात उभा राहून विचारतो, "घर कुणाचं?" घरधन्याने मोठ्याने आडनाव सांगायचं. मग पालखी खाली उतरते, घरची बाई देवीची ओटी भरते. ज्या मानाच्या दारावरून पालखी न थांबता पुढे गेली, ते घर बुडालं असं गाव धरून चालतं.

"मी जिती हाय, आन माझ्या बापाचं घर बुडालं म्हनतात मेले!" आई अंगणातून ओरडली ती शेजारच्यांनी ऐकावं म्हणूनच. मलाही तिडीक गेली डोक्यात. देवीच्या नावाने हे असले धंदे!

गावकीतल्या म्हाताऱ्यांनी एक वाट ठेवली होती. जावयाने सासऱ्याचं आडनाव घ्यावं आणि पालखीपुढे चारचौघांत सांगावं. मग मान कायम. बाबाने ते ऐकून घेतलं आणि पाण्याचा तांब्या तसाच ठेवून बाहेर निघून गेला. त्या दिवसापासून घरात माझ्यामार्फत बोलणी सुरू झाली. "तुझ्या बापाला सांग", "तुझ्या आईला सांग". दोघं एकाच ओटीवर बसलेली असायची. आईच्या तोंडी दुसरा विषय नव्हता आणि जत्रा तर तोंडावर आलेली.

मी तेव्हा दापोड्याला एका गोदामाच्या ऑफिसात होते. तिथे माल सरकवायचा पट्टा बसवायला एक जर्मन माणूस आला होता, पन्नाशीचा, उन्हाने लालबुंद झालेला. भिवंडीचं लोडशेडिंग त्याला नवीन. लाइट गेली की बिचारा हातात पाना घेऊन नुसता बसून राहायचा. असंच एकदा चहा पिताना त्याने विचारलं, आज चेहरा का असा? मी म्हटलं, जाऊ दे, तुला काय कळणार. पण मन भरलेलं होतं. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं ओकले.

तो हसला नाही. म्हणाला, माझं आडनाव असंच आलंय. त्यांच्या भागात म्हणे पूर्वी आडनाव माणसाचं नसायचं, शेतवाडीचं असायचं. त्याच्या आडनावाचा अर्थ ओढ्याकाठच्या वाडीतला. त्याचा खापरपणजोबा त्या वाडीवर घरजावई म्हणून गेला आणि वाडीचं नाव त्याला लागलं. तशी रीतच होती, कुणी त्यात कमीपणा मानत नव्हतं. मग खापरपणजोबाचं मूळचं आडनाव? ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. एका आत्याने पुढे खटपट करून शोधलं तेव्हा कळलं, ते लोहार या अर्थाचं होतं, माणसं मूळची लोहारकाम करणारी. "आम्ही लोहार आहोत हे ऐकून माझे वडील दिवसभर गप्प होते," तो म्हणाला. तेवढ्यात लाइट आली आणि तो उठला.

मी मात्र खूश. संध्याकाळी जेवताना बाबाला सगळी कथा सांगितली. बघ, एवढ्या पुढारलेल्या देशातसुद्धा चालतं! आई पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकाने बघत होती.

बाबाने भाकरी खाली ठेवली. "जर्मनीत टाकत असतील आडनाव. पडघ्यात न्हाय टाकत." 

जत्रेला पडघ्याहून काका आला, बाबाचा थोरला भाऊ. दरवर्षी यायचा. गावकीचं प्रकरण त्याच्या कानावर गेलंच होतं. तो बाबाला एवढंच म्हणाला, "तुला काय करायचं ते कर. मी बघायला हाय."

दिवेलागणीला ढोल जवळ आले. आईने ओटीचं ताट तयार ठेवलं होतं, पण ती उंबऱ्याच्या आतच उभी. बाबा अंगणात. आजाच्या भावकीतली माणसं रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून थांबली होती. बाबाने काही सांगितलं नव्हतं, कुणालाच. तो गप्प राहिला तर पालखी पुढे जाणार आणि आई जन्मात त्याचं तोंड बघणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

भगत थांबला. ढोल थांबले. "घर कुणाचं?"

बाबा खाली बघत होता. भोईंनी खांदा बदलला, एकाने पाय पुढे टाकलासुद्धा. आणि बाबाने आजाचं आडनाव सांगितलं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पालखी खाली उतरली. आई धावली. ओटी भरताना घाईघाईत तिने अर्धे तांदूळ जमिनीवर सांडले. गुलाल उडाला, ढोल पुन्हा सुरू झाले. मी बाबाला मिठी मारायला निघाले, पण तो काकाला शोधत होता.

काका अंगणाच्या टोकाला उभा होता. एरवी आला की सरळ चुलीपाशी जाऊन टोपावरचं झाकण उघडणारा माणूस.

"चल दादा, जेवायला," बाबा म्हणाला.

"भावाच्या घरात यायला मी कधी थांबलो न्हाय," काका म्हणाला. रागाने नाही, अगदी सावकाश. "आता हे दुसऱ्याचं घर हाय. घरधन्यानं पाव्हण्याला बोलवायला लागंल."

बाबाने भावापुढे हात जोडले. "या," तो म्हणाला. "आमच्याकडं जेवून जा." आमच्यात देवीलासुद्धा 'तू'च म्हणतात; 'या' फक्त परक्याला.

काका पाय धुऊन आला आणि बाहेरगावच्या पाहुण्यांत बसला. वाढलं तेवढं खाल्लं, काही मागून घेतलं नाही. निघताना तो ओटीवर थांबून राहिला. कशासाठी ते आधी आईला कळलं. तिने आतून टॉवेल-टोपी आणली आणि पाहुण्याला देतात तशी त्याच्या हातावर ठेवली. त्याने टोपी डोक्यावर घातली, सगळ्यांना नमस्कार केला आणि नाक्याकडे चालू लागला.

आई तिथेच बसली आणि रडायला लागली. "पालखी गेली असती तशीच तरी चाललं असतं रं," ती म्हणत होती.

"रडू नको," बाबा म्हणाला. "तुझ्या बापाचं घर ऱ्हायलं ना? माझ्या बापाचं गेलं, ते माझं मी बघीन."